वजनाचं औषध ऑनलाइन डॉक्टरकडून घ्यायचंय : कंपनी पारखायची कशी?

अबोली_०७ | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४१, उंची १६० सेंमी, वजन ८८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३४ च्या वर. रक्तदाबाची गोळी दोन वर्षं चालू आहे. डाएट, जिम, आहारतज्ज्ञ सगळं करून झालं. वजन उतरतं आणि व्याजासकट परत येतं. आमच्या फॅमिली डॉक्टर म्हणाल्या की सेमाग्लूटाइड किंवा टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा विचार करायला हरकत नाही. पण त्या स्वतः ते देत नाहीत, आणि ज्यांच्याकडे पाठवलं त्यांची वेळ अडीच महिन्यांनंतरची मिळाली. म्हणून ऑनलाइन सल्ला देणाऱ्या कंपन्या बघायला लागले.

दोन निवडल्या आहेत. नावं मुद्दाम लिहीत नाही, 'क' आणि 'ख' म्हणू.

'क' ची वेबसाइट देखणी. बारा प्रश्न, चार मिनिटं, पाचव्या मिनिटाला 'अभिनंदन, तुम्ही पात्र आहात!' डॉक्टर दिसले नाहीत की त्यांचा आवाज ऐकू आला नाही. औषध तीन दिवसांत घरी.

'ख' वाल्यांनी जीव खाल्ला. चाळीसेक प्रश्न, ओळखपत्र, वजनकाट्यावर उभं राहून व्हिडिओ, सध्याच्या गोळ्यांचा फोटो, सहा महिन्यांच्या आतले रक्ताचे रिपोर्ट. आणि एवढं करून एका प्रश्नावर माझी गाडी अडली: 'तुम्हाला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला होता का?'

माझ्या आत्याचं गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, मी शाळेत असताना. कॅन्सर होता एवढंच कानावर आलेलं. 'क' च्या फॉर्मवर 'माहीत नाही' ला टिक केली तर पुढचं पान उघडलं. 'ख' च्या फॉर्मवर तीच टिक केली तर अर्ज जागच्या जागी थांबला आणि शुक्रवारची व्हिडिओ कॉलची वेळ आली.

खरं सांगायचं तर वैतागून 'क' कडेच ऑर्डर देऊन टाकावी असं वाटतंय. कोणी असं औषध घेतलंय का? कंपनी बरी की वाईट हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

---

टोमणे_सम्राट | शनिवार, रात्री १०:५८

चार मिनिटांत पात्र! आमच्या लग्नाच्या वेळीसुद्धा सासऱ्यांनी यापेक्षा जास्त चौकशी केली होती.

(जागा धरून ठेवतोय, विषयात रस आहे.)

---

मुक्काम_पोस्ट | शनिवार, रात्री ११:२०

अबोली, मी चौदा महिने ऑनलाइन कंपनीकडूनच घेतोय. १०४ वरून ८६ किलोवर आलोय. त्यामुळे ऑनलाइन म्हणजे सगळे लबाड, असं मी म्हणणार नाही. उद्या सविस्तर लिहितो. तोवर 'क' ला कार्ड नंबर देऊ नका.

---

काडीपेटी | शनिवार, रात्री ११:३१

कमी खा, जास्त चाला. इच्छाशक्तीचं इंजेक्शन मिळतं का बघा. आपल्या आजोबांच्या पिढीला लागलं नाही ते.

---

रातराणी | शनिवार, रात्री ११:४०

@काडीपेटी, आलात का पेटवायला? धागाकर्तीने 'औषध घेऊ का' असं विचारलंच नाहीये. कोणाकडून घेऊ ते विचारलंय.

---

वैद्यबुवा_नव्हे | रविवार, सकाळी ७:०५

मी फिजिशियन आहे, या मंचावर कोणालाही औषध लिहून देत नाही आणि व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) रिपोर्ट पाठवू नका. एवढं सांगून मुद्द्यावर येतो.

अबोलीताई, ज्या प्रश्नावर तुमची गाडी अडली तो फॉर्ममधला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. थायरॉइडच्या कॅन्सरचे प्रकार वेगवेगळे असतात. सर्वांत जास्त आढळतो तो पॅपिलरी. सेमाग्लूटाइड आणि टिर्झेपटाइड या दोन्हींच्या माहितीपत्रकातला ठळक इशारा मात्र मेड्युलरी नावाच्या, तुलनेने दुर्मिळ प्रकाराबद्दल आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत थायरॉइडमधल्या सी पेशींच्या गाठी दिसल्या. माणसांत तसंच होतं असं सिद्ध झालेलं नाही, पण मेड्युलरी कॅन्सर घराण्यात उतरू शकतो. म्हणून स्वतःला किंवा कुटुंबात तो असेल, किंवा एमईएन २ नावाचा आनुवंशिक विकार असेल, तर ही औषधं द्यायची नाहीत असा नियम आहे.

म्हणजे 'माहीत नाही' हे उत्तर कोणत्याही शहाण्या डॉक्टरला खटकायलाच हवं. 'ख' ला खटकलं. 'क' ने ते 'नाही' समजून पुढे ढकललं. परीक्षा तिथेच झाली, तुमची नव्हे, कंपन्यांची.

(थायरॉइड कमी आहे म्हणून रोज गोळी घेणारे घाबरून जातात. तो विषय वेगळा, त्याचा या इशाऱ्याशी संबंध नाही.)

यांशिवाय विचारायलाच हवं असं काय? स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आहे का, पित्ताशयात खडे आहेत का, गर्भधारणेचा विचार आहे का (सेमाग्लूटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं), गर्भनिरोधक गोळी चालू आहे का (टिर्झेपटाइड सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे जोडीला दुसरं साधन वापरायला सांगतात), मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर फार खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, भूल देऊन काही ऑपरेशन ठरलंय का. हे औषध पोट उशिरा रिकामं करतं, त्यामुळे भूलतज्ज्ञाला ते माहीत असणं भाग आहे.

आणि खास तुमच्यासाठी: रक्तदाबाची गोळी. वजन उतरलं की दाबही उतरतो. गोळी तीच आणि तेवढीच चालू राहिली तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येईल. त्यात उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर मूत्रपिंडावर ताण. 'क' ने तुम्हाला कुठली गोळी घेता हे विचारलं का?

---

अबोली_०७ | रविवार, सकाळी ८:१५

डॉक्टर, मनापासून आभार. 'इतर औषधे' अशी एक चौकट होती. मी गोळीचं नाव लिहिलं होतं. कोणी वाचलं की नाही देव जाणे.

आत्याचं म्हणाल तर… वाटणीवरून बाबांचं आणि तिचं बोलणं तुटलं त्याला वीस वर्षं झाली. बाबा आता नाहीत. तिचा नंबरसुद्धा माझ्याकडे नाही.

---

दुर्बीण | रविवार, सकाळी ९:५०

आतली गोष्ट सांगतो. मी सॉफ्टवेअरवाला, अशाच एका कंपनीत दीड वर्ष होतो. कुठली ते विचारू नका.

आमच्याकडे प्रश्नावलीच्या प्रत्येक प्रश्नावर किती माणसं गळतात याचा आलेख असायचा. एखाद्या प्रश्नावर गळती वाढली की सोमवारच्या मीटिंगमध्ये तो प्रश्न 'सोपा' करायचा ठराव. सोपा म्हणजे काय, तर कौटुंबिक इतिहासाचे चार वेगळे प्रश्न होते, त्यांचा एकच झाला: 'वरीलपैकी काहीही नाही' आणि शेजारी मोठी चौकट. माणूस वाचत नाही, टिक करतो. आलेख सुधारला, सगळे खूश.

डॉक्टरांची स्क्रीनही आम्हीच बनवली होती. डावीकडे तुमची उत्तरं, उजवीकडे दोन बटणं. 'मंजूर' हिरवं, ठसठशीत, एका क्लिकचं. 'नामंजूर' करड्या रंगाचं. ते दाबलं की खाली चौकट उघडायची आणि कारण किमान ५० अक्षरांत टाइप करावं लागायचं. पहाटे दोनला दोनशेवा अर्ज उघडून बसलेला माणूस कुठलं बटण दाबेल? कोणी त्यांना 'मंजूरच करा' असं कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

त्यामुळे माझी फूटपट्टी एकच. कंपनीला लेखी विचारायचं: 'तुम्ही कोणाकोणाला औषध नाकारता, आणि नाकारलेल्याचं पुढे काय करता?' ज्याला नाही म्हणता येतं तो डॉक्टर. ज्याला येत नाही त्याच्याकडे फक्त गल्ला.

दुसरी एक गंमत करून बघा. फॉर्ममध्ये बीएमआय कमी पडेल असं वजन टाका आणि 'अपात्र' आलं की मागे जाऊन वजन वाढवा. ऑर्डर अर्थातच द्यायची नाही, फक्त बघायचं. आमच्या फॉर्मला काही म्हणजे काही वाटायचं नाही. उलट 'अपात्र' च्या पानावरच 'माहिती बदलायची आहे का?' असं बटण होतं.

---

टोमणे_सम्राट | रविवार, सकाळी १०:०२

केलं. मी 'क' सारख्याच एका साइटवर गेलो. माझं वजन ६८ किलो, अपात्र. मागे गेलो, ९८ केलं. 'अभिनंदन, टोमणे!' आठ सेकंदांत तीस किलो वाढलो, कोणीही काळजी केली नाही.

---

सहस्रबुद्धी | रविवार, सकाळी ११:१५

@दुर्बीण, वाचनखूण साठवली. या पळवाटेवर ब्रिटनच्या औषधविक्रेत्यांच्या नियामक मंडळाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम कडक केले. फक्त प्रश्नावलीवर विसंबून वजनाची औषधं द्यायची नाहीत. उंची, वजन, बीएमआय स्वतंत्रपणे पडताळायचे: व्हिडिओवर, प्रत्यक्ष भेटीत, वैद्यकीय नोंदींवरून किंवा रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरला विचारून. 'ख' ने वजनकाट्याचा व्हिडिओ मागितला तो याच जातीचा. तिथला नियम तुमच्याकडे लागू असो वा नसो, पट्टी म्हणून वापरायला काय हरकत आहे?

बीएमआयचं म्हणाल तर दोन्ही औषधांच्या मूळ मान्यतेत ३० किंवा त्याहून जास्त, अथवा २७ आणि सोबत वजनाशी जोडलेला एखादा आजार, असा उंबरठा आहे. आशियाई वंशाच्या लोकांना कमी बीएमआयलाच धोका सुरू होतो, म्हणून काही देशांत आपल्यासाठी तो खाली आणलेला असतो. फॉर्ममध्ये वंश विचारला तर रागावू नका, त्याला कारण आहे.

---

रातराणी | रविवार, दुपारी १:३०

आता माझ्या घरातला किस्सा. दिरांनी गेल्या वर्षी एका कंपनीकडून सेमाग्लूटाइड मागवलं. आम्हाला वाटलं जाहिरातीतल्यासारखं इंजेक्शनचं तयार पेन येईल. आली एक छोटी काचेची बाटली, दहा सिरिंजा आणि एक घडी घातलेला कागद.

कागदावर लिहिलेलं: 'पहिले चार आठवडे ०.१ मिली'. बाटलीवर '२.५ मिग्रॅ प्रति मिली'. आणि सिरिंजवर मिलीच्या खुणाच नाहीत! तिच्यावर १०, २०, ३० असं १०० पर्यंत. ती इन्सुलिनची सिरिंज, एककांची. दीर शिकलेले, पेशाने इंजिनिअर. त्यांनी ०.१ चा हिशेब चष्मा न लावता १ असा वाचला, १ मिली म्हणजे पूर्ण सिरिंज, आणि भरून टोचली.

रात्री अकराला उलट्या सुरू झाल्या त्या तिसऱ्या दिवसापर्यंत. पाण्याचा घोट टिकत नव्हता. जाऊ बाई कंपनीच्या चॅटवर लिहितायत, उत्तर येतंय: 'तुमची विनंती नोंदवली आहे. आमचा प्रतिनिधी ४८ तासांत संपर्क करेल.' शेवटी इस्पितळात नेऊन सलाइन लावलं. तिथल्या डॉक्टरांनी हिशेब करून सांगितलं की पहिल्याच दिवशी त्यांनी दहापट घेतलं.

---

औषधवाला | रविवार, दुपारी ३:०५

रातराणी, वाचून अंगावर काटा आला, पण नवल वाटलं नाही. गणित मांडून ठेवतो, कोणाच्या तरी कामी येईल.

इन्सुलिनची नेहमीची सिरिंज १०० एककांची, म्हणजे १०० एकक = १ मिली. २.५ मिग्रॅ प्रति मिलीच्या बाटलीतून ०.२५ मिग्रॅ हवं असेल तर ०.१ मिली, म्हणजे १० एकक. दिरांनी १०० एकक घेतले, म्हणजे २.५ मिग्रॅ. वजनासाठी साप्ताहिक सेमाग्लूटाइडची नेहमीची पायरी अशी: ०.२५, ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४, प्रत्येक पायरीवर चार आठवडे. माणूस जिथे सोळा आठवड्यांनी पोचतो त्याच्याही वर ते पहिल्या रात्री गेले. आणि हे औषध निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो, त्यामुळे 'उतारा' म्हणून काही नाही, फक्त सांभाळून न्यायचं.

आणखी घोळ: बाटलीची तीव्रता बदलली की '१० एकक' चा अर्थ बदलतो. ५ मिग्रॅ प्रति मिलीची बाटली आली तर तेच १० एकक दुप्पट डोस देतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, जुलै २०२४ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता. बाटलीतून स्वतः मोजून घेताना लोकांनी ठरल्यापेक्षा ५ ते २० पट औषध घेतल्याच्या नोंदी त्यांच्याकडे आल्या होत्या, आणि काही ठिकाणी चूक हिशेब करून देणाऱ्या डॉक्टर-नर्सचीच होती.

आता ही बाटली येते कुठून? कंपाउंडिंग, म्हणजे फार्मसीने स्वतः मिश्रण करून बनवलेलं औषध. तुटवड्याच्या काळात अमेरिकेत याला मोकळीक होती. टिर्झेपटाइडचा तुटवडा डिसेंबर २०२४ मध्ये आणि सेमाग्लूटाइडचा फेब्रुवारी २०२५ मध्ये संपल्याचं एफडीएने जाहीर केलं, तेव्हापासून ती मोकळीक आवळली गेली. लोक कंपाउंडेडला जेनेरिक समजतात, तिथे फसतात. जेनेरिकला नियामकाची मान्यता लागते. कंपाउंडेड मिश्रणाची सुरक्षितता, परिणाम, दर्जा कोणत्याही नियामकाने विक्रीआधी तपासलेला नसतो. काही ठिकाणी तर मूळ घटकाऐवजी सेमाग्लूटाइड सोडियम किंवा ॲसिटेट असे क्षारच वापरलेले सापडले. आणि 'फक्त संशोधनासाठी' असं लेबल लावलेली पावडर विकणारे दिसले तर तो टॅब बंद करा, बोलणंच नको.

कंपनीला विचारा: औषध पेनमध्ये की बाटलीत? उत्पादक कोण? कुठल्या फार्मसीतून निघणार, तिचा परवाना क्रमांक काय? हा क्रमांक तुमच्याकडच्या नियामकाच्या यादीत स्वतः शोधा. वेबसाइटवरच्या शिक्क्याच्या चित्रावर जाऊ नका, चित्र कोणीही चिकटवतं.

---

औषधवाला | रविवार, दुपारी ३:२०

एक राहिलं. अस्सल ब्रँडचं पेन दिसलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लूटाइडबद्दल इशारा दिला. ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिका या तिन्ही ठिकाणी २०२३ मध्ये खोटा माल सापडला होता. बॅच क्रमांक, सील आणि छपाई बघा.

आणि थंडावा. न वापरलेली पेनं २ ते ८ अंशांत ठेवायची. प्रवासात थोडी सूट असते: वेगोवीचं (ब्रँडचं सेमाग्लूटाइड) पेन ३० अंशांपर्यंत २८ दिवस चालतं, झेपबाउंडचं (ब्रँडचं टिर्झेपटाइड) २१ दिवस. पण गोठलं की गेलं, वितळवून वापरायचं नाही. बर्फाच्या पिशवीला चिकटून गोठलेलं पेन आणि खोक्यात तीन दिवस उन्हात राहिलेलं पेन बाहेरून सारखंच दिसतं. अशा वेळी बदलून देणार का, हे ऑर्डर देण्याआधी विचारायचं.

---

काडीपेटी | रविवार, दुपारी ४:००

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

मुक्काम_पोस्ट | रविवार, रात्री ९:१०

काल कबूल केल्याप्रमाणे. सुरुवात सगळेच गोड करतात, त्यामुळे तिच्यावरून काही कळत नाही. कंपनी कळते ती चौथ्या महिन्यात.

माझी पहिली कंपनी (हो, मी एक बदलली) दर चार आठवड्यांनी डोस आपोआप वाढवायची. १ मिग्रॅला मला मळमळ इतकी होती की दात घासताना ओकारी यायची. मी लिहिलं, 'याच डोसवर थांबूया का?' उत्तर आलं की पुढचं खोकं रवाना झालंय, त्यात १.७ आहे. त्याच्या आधीच्या महिन्यात तर पार्सल तीन आठवडे लांबलं होतं. सलग डोस चुकले तर खालच्या पायरीवरून परत सुरू करायचं का, हे डॉक्टरने ठरवायचं असतं. मला कोणी विचारलंही नाही, वरचा डोस पाठवून मोकळे.

दुसरीकडे गेलो. तिथे नर्सचा फोन आला, शौचाला होतं का, पाणी किती पिता, रात्री उशिरा जेवता का, असं सगळं विचारलं. डॉक्टरांनी १ मिग्रॅवरच दहा आठवडे ठेवलं. वजन त्या दहा आठवड्यांतही उतरलंच. घाई कंपनीला होती, माझ्या शरीराला नव्हती.

मळमळ होणं नवीन नाही, मोठ्या चाचण्यांत २.४ मिग्रॅवर १०० पैकी ४४ जणांना ती झाली होती. प्रश्न तेव्हा तुमचा फोन कोण उचलतं हा आहे. मी तर सही करण्याआधी शनिवारी रात्री त्यांच्या तातडीच्या नंबरवर फोन करून बघितला. उचलला. पोटात जोरात, पाठीपर्यंत जाणारं दुखायला लागलं तर काय करायचं असं विचारलं. बाई म्हणाल्या, 'आमची वाट बघू नका, तडक इस्पितळात जा, स्वादुपिंड तपासायला सांगा, आणि मग आम्हाला कळवा.' तिथेच ठरवलं.

पैशांचं एकच सांगतो: सदस्यत्व वेगळं, औषध वेगळं, तपासण्या वेगळ्या असं असतं. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा पहिल्या महिन्याचा, सर्वांत छोट्या डोसचा. शेवटच्या पायरीचा आकडा लेखी मागा. बंद करायची सोय फॉर्मवरच हवी. पहिल्या कंपनीतून बाहेर पडायला मला दोन फोन, तीन मेल आणि बँकेत एक चक्कर लागली.

---

निशाचर | रविवार, रात्री ११:४८

चाचण्यांचा विषय निघालाच आहे तर. सेमाग्लूटाइडची स्टेप १ ही चाचणी, १९६१ माणसं, ६८ आठवडे: सरासरी १४.९ टक्के घट, तुलनेसाठी औषध नसलेलं इंजेक्शन दिलेल्यांची २.४. टिर्झेपटाइडच्या सरमाउंट १ मध्ये ७२ आठवड्यांत सर्वांत मोठ्या डोसवर २०.९ टक्के. आकडे खरेच जबर आहेत. कंपन्यांच्या वेबसाइटवर हे मोठ्या अक्षरांत असतं.

तिथे नसतं ते हे: स्टेप १ मधल्याच काही लोकांचा औषध थांबवल्यावर वर्षभर माग घेतला, तर उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलेलं. म्हणजे 'तीन महिन्यांत बारीक व्हा' असं पॅकेज विकणारा एक तर अडाणी आहे किंवा लबाड. अबोली, दोघांनाही विचारा की थांबवायची वेळ आली तर कसं थांबवणार, आणि चरबीसोबत स्नायू जातात त्याचं काय करणार. उत्तरात प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम हे शब्द आले नाहीत तर समजून जा.

---

अबोली_०७ | सोमवार, दुपारी २:२०

लोकहो, किती लिहिलंत! सगळ्यांचं वाचून दोन्ही कंपन्यांना तेच चार प्रश्न पाठवले: कोणाला नाकारता, औषध पेन की बाटली आणि कुठल्या फार्मसीतून, रात्री त्रास झाला तर कोण, आणि थांबवायचं कसं.

'क' चं उत्तर अकरा मिनिटांत आलं: 'आमचे बहुसंख्य ग्राहक अत्यंत समाधानी आहेत.' खाली सवलतीचा कोड.

'ख' चं अजून नाही.

---

वैद्यबुवा_नव्हे | सोमवार, रात्री ९:३०

आत्याबाईंना फोन केलात का?

---

अबोली_०७ | गुरुवार, रात्री ११:०५

केला. नंबर चुलतभावाकडून मिळवला, दोन दिवस नुसता बघत बसले. शेवटी आज संध्याकाळी लावला.

'कोण?' म्हणाली. नाव सांगितलं. बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, 'आवाज आईसारखा झालाय गं तुझा.' मी कारण सांगितलं. मला वाटलं आता म्हणेल, वीस वर्षांनी आठवण झाली ती कामापुरती. ती म्हणाली, 'थांब, पिशवी काढते.' ऑपरेशनचे सगळे कागद तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेत. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून चष्मा लावून एकेक अक्षर सांगत होती. 'पी. ए. पी. आय. एल.' मी इकडे लिहून घेतेय. एलनंतर मला पुढचं ऐकूच येईना, रडायलाच आलं.

पॅपिलरी. मेड्युलरी नाही. ती आज ७६ ची आहे, रोज सकाळी एक गोळी घेते आणि ठणठणीत आहे. कागदाचा फोटो नातवाने पाठवला.

उद्या 'ख' चा कॉल.

---

रातराणी | गुरुवार, रात्री ११:१२

अबोली… मी पण रडले गं.

---

टोमणे_सम्राट | गुरुवार, रात्री ११:३०

आज टोमणा नाही.

---

अबोली_०७ | शनिवार, सकाळी १०:४०

कॉलचा वृत्तान्त. २६ मिनिटं चालला. डॉक्टर बाईंनी आधी आत्याचा कागद स्वतः वाचला. मग रक्तदाबाची वही कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. वहीत मागच्या आठ महिन्यांत तीनच नोंदी, त्यावरून बोलणी खाल्ली. पित्ताच्या खड्यांचं विचारलं, आईला होते ते सांगितलं. पाळी, गोळ्या, झोप, आणि कधी भूक नसताना लपून खाते का, हेही. तो प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

शेवटी म्हणाल्या, 'आज मी तुम्हाला औषध देणार नाही.' दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ दाब मोजून लिहायचा, मूत्रपिंडाची आणि तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करायची, आणि फॅमिली डॉक्टरांना सगळं कळवायची परवानगी द्यायची. मग बघू. मी म्हटलं, तुम्ही कोणाकोणाला नाकारता असं मी मेलमध्ये विचारलं होतं. त्या हसल्या. 'हे काय चाललंय आत्ता?'

राग आला होता, खोटं कशाला बोलू.

---

दुर्बीण | शनिवार, सकाळी ११:०५

सल्ल्याचे पैसे परत दिले की ठेवले?

---

अबोली_०७ | शनिवार, सकाळी ११:१०

सल्ल्याचे ठेवले, औषधाचे अजून घेतलेच नव्हते. मला ते रास्त वाटलं.

---

औषधवाला | शनिवार, दुपारी १२:००

रास्तच. औषध विकलं तरच पैसे, अशी रचना असती तर २६ मिनिटं कोणी दिली नसती.

---

अबोली_०७ | महिन्याभराने, रविवार, रात्री ९:५५

धागा वर काढतेय, कारण व्यनितून बरेच जण विचारतायत.

दाबाच्या वहीत २८ नोंदी भरल्या, रिपोर्ट चांगले आले, दुसरा कॉल झाला. दाबाची गोळी सध्या तीच, पण वरचा आकडा ११० च्या खाली आला तर कोणाला फोन करायचा ते लिहून दिलंय. काल ०.२५ चं पहिलं इंजेक्शन घेतलं, पेननेच. नर्सने व्हिडिओवर बघितलं. दुखलं नाही, पण पोटाला टोचायच्या आधी पाच मिनिटं पेन हातात धरून बसले होते. आत्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ती म्हणाली, 'टोच एकदाची, मला मालिका बघायचीय.'

'क' कडून अजून रोज एक मेल येतो. विषय असतो: 'अबोली, तुमचं औषध तुमची वाट बघतंय.' आज सकाळच्या मेलमध्ये सवलत वाढवली आहे.

---

टोमणे_सम्राट | रविवार, रात्री १०:०३

मलाही येतो. माझे तीस किलो अजून त्यांच्या नोंदीत आहेत.